मागून मारलेली मिठी

बारकीचे दात डाव्या हातात रुतले तेव्हा बाईंना आधी दुखलं नाही, आधी नवल वाटलं. एवढंसं तोंड आणि केवढा तो जोर. कोपराच्या खाली, आतल्या बाजूला, जिथली कातडी सगळ्यांत मऊ तिथेच नेमकं. मग दुखलं. इतकं दुखलं की डोळ्यांपुढे काजवे चमकले. पण बाईंनी ओठ घट्ट मिटून घेतले, कारण पलीकडे बेसिनपाशी मावशींच्या देखरेखीखाली अख्खा बालवर्ग हात धूत होता, आणि नुसतं 'आई गं' ऐकून ती सगळी पलटण साबणाच्या हातांनिशी धावत आली असती. बारकीनं सोडलं, मागे सरकली, ठोकळ्यांच्या खोक्याला पाठ लावून उभी राहिली. बाईंनी हाताकडे पाहिलं. वर एक कमान, खाली एक कमान, मधे पांढरी पडलेली कातडी. रक्त नव्हतं. त्यांनी कोपरापर्यंत दुमडलेली कुडत्याची बाही सोडली, मनगटापर्यंत ओढली आणि बटण लावलं. आपण लपवतोय हे त्यांच्या लक्षात आलं ते बटण लावून झाल्यावर.

"काही झालं नाही हं," त्या बारकीला हळूच म्हणाल्या.

बारकीच्या कपाळावर एक आठी पडली. पाच वर्षांच्या कपाळावर आठी म्हणजे एवढीशीच, पण पडली. मग हात धुतलेली पहिली तुकडी आली, तिच्या मागोमाग गलका आला, आणि त्या आठीचा विचार करायला बाईंना सवड मिळाली नाही.

चूक बाईंचीच होती. याबद्दल त्यांच्या मनात तसूभरही शंका नव्हती, आणि हीच तर पंचाईत होती. दुसऱ्या कुणाची असती तर त्यांनी ती किती मायेनं समजावून सांगितली असती. हात लावायच्या आधी विचारायचं, हा त्यांच्या वर्गाचा पहिला नियम. दारावर त्यांनी स्वतः काढलेली चित्रं होती: हलवणारा हात, टाळी देणारा हात, मिठी. सकाळी आत येताना प्रत्येकानं हवं त्या चित्राला बोट लावायचं आणि बाईंनी त्याला तेच द्यायचं. कुणी रोज मिठी घेई, कुणी सोमवारी टाळी आणि बाकीचे दिवस मिठी. एक पठ्ठ्या तर तिन्ही घेई आणि पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभा राही. बारकी कुठल्याच चित्राला बोट लावत नसे. दारात येऊन उभी राही, बाईंकडे बघे, बाई म्हणत "ये", की आत जाई. शाळा सुरू झाल्यापासून हे असंच चाललं होतं आणि बाईंनी एकदाही तिला "आज मिठी?" असं विचारलं नव्हतं. त्या संयमाचा त्यांना थोडा अभिमानसुद्धा होता. आणि आज काय झालं? ठोकळे आवरायची घंटा वाजली. एरवी या घंटेला बारकीचं तोंड लाल होई, मुठी वळत, मग पुढचं सगळं. म्हणून बाई घंटेच्या आधी तिच्याशेजारी वाळूचं घड्याळ ठेवत, वाळू पडताना तिला बघू देत. आज वाळू संपली आणि बारकी गुणगुणत उठली. कुठलं गाणं ते कळत नव्हतं, नुसतंच हूं हूं हूं. आणि गुणगुणत तिनं आपला पूल एकेक ठोकळा काढून मोडला, ठोकळे खोक्यात ठेवले, मोठे खाली, लहान वर. बाई बघत होत्या. आणि पंधरा वर्षं हे काम केलेल्या, दुसऱ्या शाळांतल्या शिक्षिका जिचा वर्ग बघायला येत त्या बाईंनी मागून जाऊन बारकीला कवेत घेतलं. मागून. न विचारता. लहानपणी कुणी अंधारात मागून धरलं असतं तर त्यांनीही चावलंच असतं.

आजच व्हायचं होतं हे. महिन्यापूर्वी मोठ्या बाईंच्या खोलीत बैठक झाली होती. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. बारकी त्याआधी दोनदा चावली होती. एकदा एका मुलाच्या खांद्याला, पण ते पोरगं सोशिक, त्याच्या घरच्यांनीही हसण्यावारी नेलं. दुसऱ्यांदा एका मुलीच्या बोटाला. तिची आई तणतणत आली आणि म्हणाली, माझ्या मुलीनं इथं शिकायला यायचं की कुणाचा खाऊ व्हायला? तेव्हा मोठ्या बाईंनी बारकीच्या वडिलांना बोलावून सांगितलं, महिनाभर बघू, पुन्हा झालं तर मात्र तुम्हाला दुसरी शाळा बघावी लागेल. वडील लिफ्ट दुरुस्त करायचं काम करत. ते आपल्या हातांकडे बघत "हो" म्हणाले. मोठ्या बाईंनी वर्गाच्या बाईंकडे पाहिलं, आणि बाईंनी मान डोलावली. ती डोलावलेली मान महिनाभर त्यांना टोचत होती. दुसरी शाळा म्हणजे दुसरं दार, दुसरी घंटा, वाळूचं घड्याळ नसलेली, आणि "ही चावते हं" हे वाक्य बारकीच्या आधी तिथे पोचलेलं. महिनाभर एकदाही झालं नव्हतं. आज शाळा सुटल्यावर वडील येणार होते. आज बाई सांगणार होत्या की बघा, तिनं ठोकळे आपणहून आवरले.

वर्ग गोलात बसला. दुधाचे पेले आले. बाई गोलात बसल्या तसा बाहीचा काठ दातांच्या खुणेवर घासला आणि त्या नकळत "स्स" म्हणाल्या. "बाई, तुम्हाला गरम नाही होत?" बातमीदार म्हणाली. तिचं खरं नाव वेगळंच होतं, पण वर्गात काय घडलं, कुणाचा बूट उलटा, कुणाच्या डब्यात काय, हे सगळं तिला सगळ्यांच्या आधी माहीत असे आणि ती ते सगळ्यांना पोचवी, म्हणून बाई मनातल्या मनात तिला बातमीदार म्हणत. "तुम्ही बाही खाली केली. मघाशी वर होती." बाई म्हणाल्या, "हो का? असेल." "असेल नाही, होतीच," बातमीदार म्हणाली आणि दूध प्यायला लागली. बाईंनी बारकीकडे पाहिलं नाही. न पाहताही त्यांना कळत होतं की गोलाच्या पलीकडून दोन डोळे त्यांच्या डाव्या बाहीवर लागलेत. बिचारी घाबरलीय, बाईंना वाटलं. आपण सांगू म्हणून घाबरलीय. बाईंना तिची इतकी दया आली की त्यांनी तिच्याकडे बघून डोळे मिचकावले, म्हणजे हे आपल्या दोघींतच हं. बारकीनं डोळे मिचकावले नाहीत.

दुधानंतर चिमट्यांचा खेळ असे. भिंतीवर चेहरे लावलेले: हसरा, रडका, रागावलेला, आणि एक मुलांनीच मागून घेतलेला, भुवया वाकड्या असलेला, ज्याचं नाव 'माहीत नाही'. प्रत्येकाच्या नावाचा एक कपड्यांचा लाकडी चिमटा, त्यावर ज्याचं त्यानं काढलेलं चित्र. आपल्याला आत्ता जसं वाटतंय त्या चेहऱ्याला चिमटा लावायचा. कुणी का म्हणून विचारायचं नाही, स्वतःहून सांगितलं तर ऐकायचं. जो मुलगा एका जागी बसू शकत नसे, ज्याला बाई दिवसातून चार वेळा जाड पुस्तकांचा गठ्ठा या कपाटातून त्या कपाटात न्यायचं जबाबदारीचं काम देत, तो रागावलेल्याला चिमटा लावून आला आणि म्हणाला, "माझे पाय रागावलेत, मी नाही." सगळे हसले, तोही हसला, पुस्तकं न्यायला उठला. आई दारात निरोप घेऊन गेली की जी तासभर आईचा रुमाल नाकाशी धरून बसे, ती आज रुमालासकट हसऱ्याशी गेली. बाईंचाही चिमटा होता. मुलांनी काढलेलं त्यांचं चित्र: मोठा चष्मा आणि त्याखाली दोन पाय. बाईंनी उठून तो हसऱ्याला लावला. "बाई रोज हसऱ्या," बातमीदार म्हणाली, आणि ते काही कौतुक म्हणून म्हटल्यासारखं वाटलं नाही. बाई हसल्या. हात ठणकत होता. बारकी उठली, भिंतीशी गेली, आपला चिमटा हातात धरून बराच वेळ उभी राहिली आणि 'माहीत नाही'ला लावून परत आली.

दुखलं तर सांगायचं, हा वर्गाचा दुसरा नियम. पहिला त्यांनी सकाळी मोडला होता, दुसरा आता मोडत होत्या, आणि दिवस अजून अर्धा बाकी होता. बाईंना स्वतःचंच हसू आलं, पण ते हसू काही टिकलं नाही. कारण हा नियम त्यांनी कुठल्या शिबिरात ऐकून आणलेला नव्हता. तो त्यांच्या पोटातून आलेला होता. लहानपणी बाई काही बाई नव्हत्या, तेव्हा ती दोन वेण्यांची, गुडघे सदा फुटलेली एक मुलगी होती, आणि तिच्या घरात कुणालाच कधी काही दुखत नसे. पडलं की आई दुरूनच म्हणे, काही झालं नाही, काही झालं नाही, मुंगी मेली! आणि खरंच ती मुलगी रडायचं सोडून मेलेली मुंगी शोधत बसे. मुंगी कधी सापडली नाही. एकदा घरात पाहुणे होते, बाहेरच्या खोलीत बसायला जागा नव्हती, आणि ताईनं दार ओढलं त्यात तिचं बोट सापडलं. दाराची फट बंद होताना आतून आलेला तो आवाज तिला अजून ऐकू येतो, लाकडाचा नाही, बोटाचा. आईनं पाहुण्यांकडे बघत, हसत म्हटलं, काही झालं नाही. मग ती मुलगी ते बोट मुठीत धरून, मूठ फ्रॉकच्या खिशात घालून, संध्याकाळपर्यंत पाहुण्यांना पाणी नेऊन देत राहिली, एकाच हातानं. किती शहाणी आहे हो तुमची धाकटी, पाहुणीण म्हणाली. त्या शहाणपणानं तिला इतका आनंद झाला की बोट दुखायचं थांबल्यासारखं वाटलं. थांबलं नव्हतं. नख गेलं, नवं आलं, ते आजतागायत वाकडं आहे. मुलं विचारतात, बाई तुमचं हे नख असं का, आणि बाई म्हणतात, दारात सापडलं होतं, खूप दुखलं होतं. एवढं मात्र त्या सांगतात. जुनं दुखणं सांगायला काही लागत नाही.

आईचा राग म्हणाल तर तोही बाईंना धड येत नसे. आईवर रागवायला बसलं की आईचीच माया यायची. पाच माणसांचं घर, वडील फिरतीवर, आईनं स्वतःला दुखायचं कधी, आणि दुखलं तर सांगायचं कुणाला? आता ती दादाकडे असते. दर रविवारी फोनवर बाई विचारतात, गुडघा कसा आहे, आणि पलीकडून खणखणीत उत्तर येतं, मला काय धाड भरलीय! मग मागून वहिनी सांगते की कालपासून जिना उतरल्या नाहीत. बाई हसतात, फोन ठेवतात आणि घरातल्या घरात उगाच चिडचिड करतात. नवरा विचारतो, काय झालं? बाई म्हणतात, काही नाही. नवरा गरीब माणूस, त्यानं वर्षानुवर्षं या 'काही नाही'चे प्रकार ओळखायला शिकून घेतलंय, आणि तो चुकतोही. घरात बाई वर्गातल्या आवाजात बोलतात हे त्याचं आवडतं गाऱ्हाणं. आपण आता ताटं उचलू या का, असं बाई म्हणाल्या की तो बोट वर करून म्हणतो, बाई, मी उचलू? आणि मग बाई खरंच हसतात. परवाच तो म्हणाला, तुझ्या वर्गात एक गादी आहे ना, पडदा लावलेली, मुलं चिडली की जाऊन बसतात ती? तशी एक घरात घेऊ या. बाई म्हणाल्या, तुला? तो म्हणाला, नाही, तुला.

दुपार उतरायला लागली. वर्गात उकडत होतं, पंखा होता पण तो वारा फक्त इकडचा तिकडे करत होता. बाहीखाली खुणा फुगल्या होत्या, कापड त्यांना चिकटत होतं. बाई फळ्यापाशी गेल्या की बारकी फळ्यापाशी. बाई कपाटापाशी, बारकी कपाटापाशी. हातभर अंतर ठेवून, एक शब्द न बोलता. मोजायच्या वेळी ज्यांना आकडे जमत ते आकडे मांडत होते, ज्यांना जमत नसत ते पायऱ्यांवर चढत-उतरत मोजत होते. बारकीला पायऱ्या आवडत, पण आज ती पायऱ्यांकडे फिरकली नाही. बाईंनी पुन्हा वाकून तिच्या कानाशी म्हटलं, "घाबरू नकोस. मी कुणाला नाही सांगणार. काही झालं नाही." बारकीनं त्यांच्याकडे असं पाहिलं की बाई सरळ उभ्या राहिल्या. त्या नजरेत भीती नव्हती. काय होतं ते त्यांना कळेना. पंधरा वर्षं लहान मुलांच्या तोंडावरचं वाचायचं हेच काम केलं, आणि आज हे एक तोंड वाचता येईना. मग एक प्रश्न, सकाळपासून दाराबाहेर ताटकळत असलेला, आत आलाच. आपण हिला वाचवतोय, की स्वतःला? बाईंच्याच वर्गात, बाईंनीच नियम मोडला म्हणून बाईंनाच चावली, हे मोठ्या बाईंना सांगायची लाज नाही का वाटत आपल्याला? त्या बघायला येणाऱ्या, वह्यांत लिहून घेणाऱ्या, "किती छान हो" म्हणणाऱ्या शिक्षिका काय म्हणतील? बाईंनी स्वतःला समजावलं की नाही, बारकीसाठीच. मग वाटलं, थोडं बारकीसाठी, थोडं आपल्यासाठी. पण थोडं म्हणजे किती, ते ठरवायच्या आत शाळा सुटली.

बारकीला मावशींपाशी वर्गात बसवून बाई मोठ्या बाईंच्या खोलीत गेल्या. लिफ्टवाले वडील आधीच येऊन खुर्चीच्या कडेवर बसले होते. कामावरूनच आलेले. हात घासून घासून धुतले होते तरी रेघांमधलं काळं गेलं नव्हतं. मोठ्या बाई गोळी चघळत होत्या. त्यांना खोकल्याची सवय होती आणि फापटपसाऱ्याची नव्हती. "बोला," त्या म्हणाल्या. "घरी कशी आहे?"

"घरी एकदम चांगली," वडील म्हणाले. "शहाण्यासारखी वागते. परवा आजीला चावली, पण ते आजीनं मुद्दाम खोडी काढली म्हणून." मग आपण काय बोलून बसलो हे त्यांच्या लक्षात आलं. "म्हणजे चावली नाही तशी. दात लावले नुसते."

मोठ्या बाईंनी गोळी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "आणि वर्गात?" त्यांनी बाईंना विचारलं. "महिन्याभरात एकदाही?"

"नाही," बाई म्हणाल्या. किती सहज आला तो शब्द. बाईंना वाटलं होतं अडकेल, निदान अडखळेल. "एकदाही नाही. उलट आज तर तिनं घंटा झाल्यावर ठोकळे आपणहून आवरले. गाणं म्हणत. मोठे खाली, लहान वर." हे सगळं खरं होतं, शब्द न् शब्द खरा होता, आणि ते सांगताना त्यांचा आवाज भरून आला, तोही खरा. वडिलांचा चेहरा असा उजळला की बाईंना त्याच्याकडे बघवेना. "घरी सांगतो हिच्या आईला," ते म्हणाले. मोठ्या बाईही जरा सैल झाल्या. "चला, मग झालं," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात दार ढकललं गेलं. पुढे बारकी, मागे धापा टाकत मावशी. "अहो, ऐकेचना! हात सोडवून पळाली," मावशी म्हणाल्या. बारकी वडिलांकडे गेली नाही. ती सरळ बाईंच्या खुर्चीच्या डाव्या बाजूला येऊन उभी राहिली. कुणाला हात लावला नाही. बाहीकडे बोट दाखवलं आणि मोठ्या बाईंना म्हणाली, "बाईंना दुखलंय." आणि मग, कुणाची तरी तक्रार करावी तशी नाही, काळजी वाटून, "त्या सांगतच नाहीयेत."

"ए, गप," वडील म्हणाले. बाईंना आता, आत्ता कळलं की दिवसभर ते दोन डोळे कशासाठी मागे मागे येत होते. बारकी स्वतःसाठी घाबरलेली नव्हतीच. तिला शिकवलं होतं की दुखलं तर सांगायचं, आणि या बाई स्वतःच सकाळपासून दुखतंय तरी हसऱ्याला चिमटा लावून होत्या. ती वाट बघत होती की बाई आता सांगतील, मग सांगतील. शेवटी तिनं त्यांचं काम आपल्या अंगावर घेतलं. मोठ्या बाईंनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. "बाही वर करा."

बाईंनी बटण काढलं. कापड सुटताना दुखलं. दोन्ही कमानी आता निळ्याजांभळ्या झाल्या होत्या. मोठ्या बाईंनी त्या पाहिल्या, मग बारकीकडे पाहिलं. "कुणी केलं हे?" आधीच्या दोन्ही वेळी या प्रश्नाला बारकीनं "तोंडानं" असं उत्तर दिलं होतं, जणू तोंड हे तिच्याकडे भाड्यानं राहायला आलेलं कुणी होतं. आता ती मोठ्या बाईंच्या डोळ्यांत बघत म्हणाली, "मी."

वडील उठले. खुर्ची मागे कलंडता कलंडता राहिली. "मी नेतो तिला," ते म्हणाले. "माफ करा बाई. शब्द दिला होता आम्ही. दुसरी शाळा बघतो." त्यांनी मुलीपुढे हात केला, आणि तो हात पाहून बाईंच्या आतलं, सकाळपासून घट्ट मिटून धरलेलं सगळं एकदम सुटलं.

"बसा," बाई म्हणाल्या. वर्गातल्या आवाजात नाही. तो आवाज कुणाचा हे त्यांनाही ओळखू आलं नाही. "तिची काही चूक नाही. मी तिला मागून जाऊन मिठी मारली. विचारलं नाही. तिला नको म्हणायचं असतं हो, पण तो शब्द ओठांपर्यंत यायला वेळ लागतो, आणि तोवर दात पोचलेले असतात. मला हे माहितीये. सगळ्यांत जास्त मलाच माहितीये. तरी मी केलं. ते ठोकळे आवरताना बघून मला राहवलं नाही."

"मग मघाशी मला 'नाही' असं का म्हणालात?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"ती जाईल म्हणून." बाई थांबल्या. "आणि माझी मला लाज वाटली म्हणून."

"दुखतंय?"

"हो," बाई म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे वाहायला लागले. "फार दुखतंय. सकाळपासून." इतकी वर्षं दुखण्याला नावं द्यायला मुलांना शिकवलं, पण हे वाक्य कुणासमोर म्हणताना इतकं हलकं वाटतं हे त्यांना माहीतच नव्हतं. मावशी पदरानं... नाही, पदर नव्हता, हातातल्या फडक्यानंच स्वतःचे डोळे पुसायला लागल्या, आणि मग ते फडकं कशाचं आहे ते आठवून थांबल्या.

मोठ्या बाईंनी गोळी कडकन फोडली. "एक चावली पण खरं बोलली," त्या वडिलांना म्हणाल्या. "एक चावली नाही पण धडधडीत खोटं बोलली. आता तुम्हीच सांगा, कुणाला ठेवू आणि कुणाला काढू?"

वडिलांना ही थट्टा आहे की खरंच विचारतायत ते कळेना. त्यांनी एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा मुलीकडे. "दोघींना ठेवा की हो," ते काकुळतीला येऊन म्हणाले.

"ठेवते," मोठ्या बाई म्हणाल्या. "पण लपवाछपवी नको. त्या बोटवाल्या मुलीच्या आईला मी आजच फोन करून सगळं सांगणार. ती उद्या तणतणत येणार, आणि तिचं ऐकून घ्यायला तुम्ही बसायचं, बाई. बाही वर करून." मग बारकीला म्हणाल्या, "जा, दप्तर घेऊन ये. बाबा इथं बसतील." आणि वडील खरंच बसले, या वेळी पूर्ण खुर्चीत, दोन्ही काळे हात तोंडावर ठेवून.

बाई आणि बारकी बाहेर आल्या. लांबलचक व्हरांडा, शाळा सुटल्यामुळे रिकामा, दोन्हीकडे बंद वर्ग. पलीकडच्या टोकाला त्यांचा वर्ग. बाईंची बाही तशीच वर होती आणि हाताला हवा लागत होती. या मुलीसाठी आपण काय काय करायला तयार होतो आज, आणि हिनं आपल्यासाठी काय केलं, हे दोन्ही मनात एकाच वेळी मावेना. बाईंना तिचा हात धरावासा वाटला, इतका वाटला की त्यांनी स्वतःचे दोन्ही हात आधी मागे बांधले. मग त्या बारकीच्या समोर जाऊन, तिला दिसतील अशा, उकिडव्या बसल्या.

"मी तुझा हात धरू का?"

बारकी थांबली. तिचं तोंड लाल झालं, मुठी वळल्या. ओठ एकदा उघडले, मिटले. बाई हलल्या नाहीत. त्यांनी दुसरं काही सुचवलं नाही, असू दे म्हटलं नाही, हसल्याही नाहीत. बारकीनं एक मोठा श्वास घेतला.

"नको," ती म्हणाली.

स्पष्ट, मोठ्यांदा, रिकाम्या व्हरांड्याच्या त्या टोकापर्यंत ऐकू गेलं. तिच्या तोंडून बाईंनी हा शब्द आजवर कधी ऐकला नव्हता. आनंदानं बाईंचा जीव कसा अगदी सुपाएवढा झाला. त्यांना पुन्हा मिठी मारावीशी वाटली, आणि त्यांनी ती मारली नाही.

"बरं," बाई म्हणाल्या, आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या. मग दोघी शेजारी शेजारी, मधे हातभर अंतर ठेवून, दप्तर आणायला निघाल्या.